बर्गनच्या धक्क्यावर उतरलेले क्रियापद

परदेशचा प्रवास करून आलेले गृहस्थ तेथील डोंगर, देवळे, राजवाडे आणि पूल यांची वर्णने लिहितात, आणि वाचकही ती आवडीने वाचतात. आम्हीही नॉर्वे व स्वीडन या देशांत काही महिने राहून आलो आहोत. डोंगर आणि पूल आम्हीही पाहिले. परंतु ज्याचे आयुष्य मुलांना संस्कृत धातू पाठ करविण्यात गेले, त्याचे लक्ष लोकांच्या तोंडच्या क्रियापदांकडे आधी जाते, त्यास इलाज नाही. म्हणून आज वाचकांस आम्ही एका क्रियापदाची ओळख करून देणार आहो. ते त्या देशांत घरोघरी दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाते, आणि तरीही ते मूळचे तेथले नव्हे. ते समुद्रावरून आले, व्यापाऱ्यांच्या बरोबर आले आणि घरच्या एका वडीलधाऱ्या क्रियापदास बाजूस सारून त्याच्या पाटावर बसले. त्या क्रियापदाचे नाव 'ब्ली'.

प्रथम स्थळ पाहू. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचे बंदर आहे. राजा ओलाव कीरे याने हे नगर इ.स. १०७० मध्ये वसविले अशी परंपरा आहे. सभोवार सात डोंगर, मध्ये समुद्राचा एक चिंचोळा हात आत शिरलेला, आणि वर ढगांनी भरलेले आकाश. मुंबईस पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढाच बर्गनास वर्षभर वाटून पडतो; वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ओले असतात. त्या बंदराच्या एका अंगास लाकडी घरांची एक ओळ उभी आहे. तांबडी, पिवळी, पांढरी अशी ती घरे, त्रिकोणी कपाळे रस्त्याकडे करून, एकमेकांस खेटून उभी असतात. कित्येक इतकी कलली आहेत की शेजारच्या घराने हात दिला नसता तर केव्हाच पडली असती असे वाटते. या ओळीस 'ब्रिगेन' म्हणजे धक्का असे म्हणतात. युनेस्कोने १९७९ साली तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. जुन्या वस्तीपैकी आता साठाच्या वर थोडी घरे उरली आहेत. घरांच्या मधून फळ्या टाकलेले अरुंद बोळ आत जातात. त्यांतून चालताना पायांखाली लाकूड करकरते आणि भिंतींस डांबराचा व जुन्या ओल्या लाकडाचा वास येतो.

हा धक्का कोणाचा? नॉर्वेजियनांचा खरा, पण चारशे वर्षे तेथे कारभार चालला जर्मन व्यापाऱ्यांचा. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक आदी नगरांच्या व्यापाऱ्यांनी एक संघ केला होता. त्यास 'हान्सा' म्हणत. या संघाच्या चार मोठ्या परदेशी पेढ्या होत्या : लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन. बर्गनची पेढी चौदाव्या शतकाच्या मध्यास, इ.स. १३६० च्या सुमारास, रीतसर स्थापन झाली आणि १७५४ साली बंद झाली. व्यापाराचा व्यवहार सरळ होता. नॉर्वेच्या उत्तर भागात, लोफोतेन बेटांच्या बाजूस, कॉड नावाचा मासा विपुल मिळतो. तो मीठ न लावता थंड वाऱ्यात लाकडी मांडवांवर टांगून वाळवितात. मग तो वर्षानुवर्षे टिकतो. आमच्यासारख्या शाकाहारी मनुष्याने या पदार्थाविषयी अधिक बोलू नये. परंतु आपल्या कोकणात बोंबील वाळत घालतात, त्यावरून वाचकांनी कल्पना करावी. हा वाळलेला मासा बर्गनास यावयाचा, जर्मन व्यापारी तो घेऊन यूरोपभर विकावयाचे, आणि मोबदल्यात ल्यूबेकहून धान्य आणावयाचे. नॉर्वेत शेतीस योग्य जमीन थोडी. तेव्हा भाकरीची दोरी या धक्क्यावरील पाहुण्यांच्या हाती होती.

या पाहुण्यांचे राहणे विलक्षण असे. पेढीत राहणाऱ्या सर्वांनी अविवाहित असावे असा दंडक होता. लहान वयाची मुले शिकाऊ म्हणून येत, वखारीतच कपाटासारख्या दारे लावलेल्या खाटांत निजत. आगीच्या भयाने लाकडी घरांत चूल किंवा शेगडी पेटविण्यास बंदी होती. त्यामुळे उत्तरेच्या त्या हिवाळ्यात ऊब आणि शिजलेले अन्न यांसाठी मागील बाजूच्या स्वतंत्र सभागृहांत जावे लागे. देऊळही वेगळे : बाराव्या शतकातले मरियेचे चर्च १४०८ पासून १७६६ पर्यंत या जर्मनांकडेच होते. म्हणजे नगरात राहूनही नगराचे न होण्याची सर्व व्यवस्था त्यांनी करून ठेविली होती. स्त्री नाही, मूल नाही, चूल नाही. तरीही त्यांची भाषा भिंत ओलांडून बाहेर गेली. ती धान्याच्या पोत्यांबरोबर गेली, वजनकाट्यावर गेली, हिशेबात गेली. आणि तिच्याबरोबर 'ब्ली' गेले.

त्या काळच्या उत्तर जर्मन बोलीत हे क्रियापद 'ब्लीवेन' असे होते आणि त्याचा अर्थ होता 'राहणे, मागे उरणे'. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या तिन्ही देशांनी ते उचलले. वापराने झिजवून स्वीडन व नॉर्वेने त्याचे 'ब्ली' केले, तर डेन्मार्कने लिहिताना 'ब्लीवे' ठेविले. पण आश्चर्य ते हे की त्याचा मुख्य अर्थ आता 'होणे' असा झाला आहे. मुलगा मोठेपणी वैद्य 'ब्लीर', संध्याकाळी पाऊस 'ब्लीर', मनुष्य म्हातारा 'ब्लीर'. दुकानात वस्तू घेऊन पैसे विचारावे तर दुकानदार इतके क्रोनर 'ब्लीर' म्हणतो. आपला वाणी 'पन्नास रुपये झाले' म्हणतो, अगदी त्याच चालीवर. कर्मणिप्रयोगही याच क्रियापदाच्या साह्याने चालतो. पत्र लिहिले गेले, चोर पकडला गेला, सर्वत्र 'ब्ली'. आणि इतके होऊनही नॉर्वेत व डेन्मार्कात जुना 'राहणे' हा अर्थ मेलेला नाही. पाहुणा उठू लागला की यजमान त्यास 'राहा ना' म्हणतो तेव्हा हेच क्रियापद योजितो. स्वीडनमध्ये मात्र केवळ 'राहणे' म्हणावयाचे तर जोडीला 'मागे' या अर्थाचे आणखी एखादे अव्यय घ्यावे लागते.

एकाच शब्दात 'राहणे' आणि 'होणे' नांदतात याची खरी जाणीव आम्हास कोशाने दिली नाही, घरातल्या मुलाने दिली. आमची नात बर्गनच्या शाळेत जाते. घरी ती मराठी बोलते, पण शाळेची भाषा तिच्या मराठीत हळूहळू झिरपते. एके दिवशी तिने विचारले, "आजोबा, तुम्ही आणखी किती दिवस इथे होणार?" तिची आई हसली आणि 'राहणार' असे म्हण, म्हणून तिने चूक दुरुस्त केली. आम्ही मात्र हसू शकलो नाही. मनात आले, हे मूल या देशात राहील. आणि या देशाच्या भाषेत राहणे व होणे यांत भेद नाही. मग येथे राहून ते काय होईल? परदेशी ज्यांची मुले आहेत अशा प्रत्येक आजोबा-आजींच्या मनात हा प्रश्न असतोच. आमच्या नातीच्या व्याकरणाने तो फक्त उघड्यावर आणला. तेव्हापासून या क्रियापदाच्या कुळाचा शोध घेणे हा आमच्यापुरता केवळ शब्दविनोद राहिला नाही.

कुळ शोधू जाता मोठी मौज निघाली. 'ब्लीवेन' हे मूळचे 'बे-लीवेन'; 'बे' हा उपसर्ग आणि 'लीव्' हा धातू. हाच धातू संस्कृतात 'लिप्' या रूपाने आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लिंपणे, लेप, लिपी, लिप्त हे आपले सारे शब्द त्याचेच. मूळ अर्थ स्निग्ध पदार्थ माखणे, चिकटणे. जे चिकटते ते जागेवरून हलत नाही. जे हलत नाही ते उरते. जे उरते ते राहते. इंग्रजीतील 'लाइफ' आणि 'लिव्ह' हे शब्द याच धातूचे, आणि मागे ठेवणे या अर्थाचा 'लीव्ह' हाही त्याचाच. जगणे म्हणजे मरणाऱ्यांच्या मागे उरणे, असा हा अर्थाचा प्रवास आहे. ईशोपनिषदाच्या दुसऱ्या मंत्रात शंभर वर्षे जगण्याची इच्छा आणि हा 'लिप्' धातू जवळजवळ आले आहेत, हे वाचकांपैकी संस्कृतज्ञांस आठवेल. ऋषींना उत्तरेकडील भाषांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु जगणे आणि चिकटणे यांचा संबंध दोन्हीकडच्या लोकांना जाणवला होता खरा.

आता ज्या क्रियापदाचा पाट गेला त्याची हकीकत. जुन्या नॉर्स भाषेत 'होणे' यास 'वेर्दा' आणि जुन्या स्वीडिशमध्ये 'वार्दा' असे म्हणत. हा आपला 'वृत्' धातू होय. वर्तते, वर्तन, वृत्त, वार्ता, वर्तुळ हे त्याचे संस्कृतातले गोत. आणि मराठीतली 'वाट' व समईतली 'वात' हीही त्याच कुळातली. मूळ अर्थ फिरणे, वळणे. जे वळते ते पालटते आणि जे पालटते ते काहीतरी होते, असा त्या लोकांचा विचार. त्यांच्या पुराणकथांत विश्ववृक्षाच्या मुळाशी एका विहिरीजवळ तीन देवता बसून मनुष्यांचे भाग्य ठरवितात. त्यांची नावे ऊर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. पैकी ऊर्द हे याच धातूच्या भूतकाळी रूपाशी संबद्ध आहे, आणि वेर्दांदी हे तर त्याचे धडधडीत वर्तमानकालवाचक धातुसाधित. आमच्या व्याकरणात तिचे भाषांतर करावयाचे तर 'वर्तमाना' असेच करावे लागेल! तिसरी स्कुल्द, म्हणजे जे व्हावयाचेच ते. आजच्या स्वीडिश भाषेत याच शब्दाचा अर्थ 'ऋण' असा आहे. भविष्य हे फेडावयाचे देणे आहे ही कल्पना देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या आपल्या समाजास परकी वाटू नये.

आणखी खोल गेल्यास असे दिसते की या चार-सहा धातूंनी जणू आपसात घरेच बदलली आहेत. पाणिनीच्या धातुपाठाचा आरंभ 'भू' ने होतो आणि त्याचा अर्थ सत्ता, असणे. आपले 'होणे' त्याच्यापासूनच निघाले. उत्तरेकडे हाच धातू 'घर करून राहणे' या अर्थी गेला. स्वीडन व नॉर्वेत त्याचा आजचा उच्चार 'बू' असा आहे. कोणी तुमचा पत्ता विचारला तर तो वस्तुतः 'भू' धातूच चालवीत असतो. उलट आपला 'वस्', म्हणजे राहणे, तेथे जाऊन 'असणे' या अर्थाचा 'वारा' किंवा 'वेरा' झाला. म्हणजे ज्यास आपण होणे म्हणतो त्यास ते राहणे म्हणतात, आणि ज्यास आपण राहणे म्हणतो त्यास ते असणे म्हणतात. पुढे जर्मन व्यापाऱ्यांनी आणलेला 'लिप्', तोही राहण्याचाच, 'होणे' झाला. धातूंनाही एका अर्थात कायमची वस्ती करता येत नाही असे दिसते.

या नात्यांचा शोध ज्यांनी आरंभिला त्यांत डेन्मार्कचा रास्मुस रास्क (१७८७ ते १८३२) याचे नाव अग्रभागी आहे. नॉर्स भाषेच्या मूळाविषयीचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८१८ साली छापला गेला. हा विद्वान रशिया व इराणमार्गे प्रवास करीत १८२० साली आपल्या मुंबईस येऊन राहिला होता. पारशी समाजाच्या धर्मग्रंथांची हस्तलिखिते त्याने मिळविली आणि तो ती कोपनहेगनला घेऊन गेला. बर्गनच्या धक्क्यावर उभे राहून आम्ही मुंबईची आठवण काढली तर ती केवळ घरच्या ओढीने नव्हे, इतके यावरून ध्यानात येईल.

आता मुख्य शंका. 'राहणे' याचे 'होणे' झाले कसे? परकी वाटणारी ही गोष्ट मराठीने आपल्या घरात केव्हाच करून ठेविली आहे. 'तो उठून उभा राहिला' असे आपण म्हणतो. जो बसला होता तो उभा 'राहील' कसा? तो उभा झाला. 'घर उभे राहिले' म्हणजे पूर्वी नव्हते ते झाले. 'गर्भ राहिला' या प्रयोगात तर राहणे म्हणजे एका नव्या जिवाचे होणे. क्रियापदाने बदलानंतरची स्थिर अवस्था दाखवावी, आणि ऐकणाऱ्याने बदल समजून घ्यावा, अशी ही रीत आहे. 'तो गप्प राहिला' आणि 'तो गप्प झाला' यांत जे अंतर आहे, ते घाईच्या बोलण्यात किती वेळ टिकणार? उत्तरेकडे ते बाजारात टिकले नाही. शिवाय जुने 'वार्दा' हे 'असणे' या अर्थाच्या 'वारा' शी रूपांनी इतके जवळ होते की दोहोंची भूतकाळी रूपे कानास फारशी वेगळी लागत नसत. त्यामुळे नव्या, स्वच्छ वेगळ्या क्रियापदास जागा मिळाली, असा एक विचार मांडला जातो आणि तो आम्हास पटतो.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे हाच इतिहास दुसऱ्या रीतीने घडला. तेथे जर्मन वेगळ्या पेढीत कोंडून राहिले नाहीत. त्यांनी घरे केली, लग्ने केली, व्यवसाय थाटले. चौदाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या राजा मॅग्नस एरिक्सनच्या नगर-कायद्यात नगरसभेतील अर्ध्यापर्यंत जागा जर्मनांस असू शकतील अशी तजवीज होती. १४७१ च्या ब्रुंकेबेर्गच्या लढाईनंतर ती रद्द झाली. आज जुन्या नगरात जर्मन चर्च आहे, जर्मन उतार नावाची चढणीची गल्ली आहे, परंतु त्या व्यापाऱ्यांचे वंशज शोधू गेल्यास सर्व स्वीडिश. ते राहिले आणि झाले. भाषेनेही त्यांच्याकडून खिडकी, शिंपी, महापौर, पैसे देणे, विचारणे, इतकेच नव्हे तर 'केलेच पाहिजे' या अर्थाचे सहायक क्रियापदसुद्धा घेतले. नामे उसनी घेणे सर्वच भाषा करतात. मराठीनेही फारसीपासून दुकान, कागद, वकील घेतले, 'खर्चणे' आणि 'बदलणे' ही क्रियापदेही केली. परंतु 'होणे' उसने घेण्याची पाळी आपल्यावर आली नाही. ज्या भाषेने तेही घेतले ती भाषा मेली काय? मुळीच नाही. तीत नाटके झाली, काव्ये झाली, शास्त्रे झाली.

तरीही जुन्याची माया सर्वांनी सोडली नाही. आइसलँडच्या लोकांनी सोळाव्या शतकातील ग्रंथांत शिरलेले हे जर्मन क्रियापद पुढे निवडून बाहेर काढले, आणि तेथे आजही 'वेर्दा'च चालते. नॉर्वेत ईवार आसेन (१८१३ ते १८९६) या शेतकऱ्याच्या मुलाने खेडोपाडी हिंडून बोली गोळा केल्या, १८४८ साली व्याकरण आणि १८५० साली कोश प्रसिद्ध केला, व त्यांतून डॅनिशच्या छायेबाहेरची एक लेखनभाषा उभी केली. १८८५ साली तेथील लोकसभेने तिला दुसरीच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्या भाषेत जुने आणि नवे अशी दोन्ही क्रियापदे आज मान्य आहेत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला त्यामागील बुद्धी आणि आसेनची बुद्धी एकाच जातीची, असे म्हणण्यास हरकत नाही. स्वीडनमध्ये जुन्या बायबलातील सृष्टीच्या आरंभीच्या आज्ञेत 'वार्दे' हे रूप अद्याप ऐकू येते, आणि बोलण्यात कित्येक लोक 'झाले' या अर्थी अजून 'वार्त' म्हणतात. संस्कृत शिकविणाऱ्याच्या कानास हा शब्द किती गोड लागतो हे सांगावयास नको.

१९५५ साली ब्रिगेनचा काही भाग आगीत जळाला. राखेखाली उत्खनन झाले तेव्हा जुन्या रून लिपीत कोरलेले सहाशेहून अधिक लेख, बहुतेक लाकडाच्या काठ्यांवरचे, सापडले. कोठे मालाच्या धन्याचे नाव आहे, कोठे प्रार्थना आहे, एका काठीवर तर एका स्त्रीने घरी येण्याविषयी धाडलेला निरोप आहे. काठीचा धनी घरी गेला की नाही हे काठी सांगत नाही. मात्र या किनाऱ्यावर घरी न परतणाऱ्यांसाठी एक बोलण्याची रीत आहे. जो खलाशी बुडाला, त्याविषयी 'तो समुद्रावर राहिला' असे म्हणतात. क्रियापद तेच, 'ब्ली'. मरण हा शब्द तोंडातून काढावयाचा नाही म्हणून राहणे हा शब्द. आपल्याकडे दिवा 'विझला' न म्हणता 'मोठा केला' म्हणतात, त्याच जातीची ही मनाची नाजूकता होय.

गीतेने कमळाच्या पानाचा दृष्टांत देताना हाच 'लिप्' धातू वापरला आहे. पाण्यात असून पाणी न लागू देणे हा आपल्याकडचा आदर्श. बर्गनच्या अविवाहित व्यापाऱ्यांनी व्यवहारात तो चारशे वर्षे चालवून पाहिला. अखेर पेढी बंद झाली. तत्पूर्वीच त्यांच्यापैकी कित्येकांनी बर्गनचे नागरिकत्व घेतले होते. मनुष्य जेथे जेवतो, निजतो, मोलभाव करतो, तेथे तो काही ना काही चिकटतोच, आणि तेथेही आपले काही चिकटवून ठेवितो. आमची नात तेथे राहील, आणि जी व्हावयाची ती होईल. आमच्या हाती इतकेच आहे की तिला 'राहणे' आणि 'होणे' हे दोन्ही शब्द मराठीत नीट शिकवावे आणि ते दोन का आहेत हेही सांगावे. प्रत्येक रविवारी दूरध्वनीवर अर्धा तास आम्ही तेच करतो. परगावी, परदेशी ज्यांची मुलेनातवंडे आहेत त्या वाचकांनीही हा अर्धा तास काढावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.